शेण म्हणजे खत नव्हे!

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा वासाचा आहे. नाकाला रुमाल लावून वाचलंत तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण तुम्ही 'सेंद्रिय' असं लेबल बघून भाजीला दीडपट पैसे मोजत असाल, बाल्कनीतल्या कुंडीत शेणखत घालत असाल किंवा गावाकडे तुमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन असेल, तर हा विषय थेट तुमच्या खिशाचा आहे.

शेणाइतकी फुकटची स्तुती आपल्याकडे क्वचितच दुसऱ्या कुठल्या पदार्थाच्या वाट्याला आली असेल. व्हॉट्सॲपवर दर चार दिवसांनी एक मेसेज येतोच. टेरेस गार्डनवाले, शनिवार-रविवार फार्महाऊसवर जाऊन मातीत हात घालणारे, टीव्हीवर बोलणारे, सगळ्यांचे दोन समज एकदम पक्के. पहिला, शेण म्हणजेच खत. दुसरा, ढीग घालून ठेवला की शेणाचं खत 'आपोआप' होतं, निसर्ग आहे ना!

माझं म्हणणं सरळ आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. शेण हा कच्चा माल आहे. त्याचं खत होणं म्हणजे एक लांबलचक रासायनिक बदल आहे. तो घडवावा लागतो, आणि नीट घडवला नाही तर शेणातला सगळ्यात महाग भाग हवेत उडून जातो. 'आपोआप' या एका शब्दाची किंमत शेतकरी नत्राने मोजतो, पाट्या वाहणारी बाई पाठदुखीने मोजते आणि आपण नोटांनी मोजतो.

(शेणाबद्दलची कुणाची श्रद्धा हा इथे विषयच नाही. सारवायला, गोवऱ्या थापायला, पूजेला काय वापरायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी फक्त खताबद्दल बोलतोय.)

आधी शेणात असतं काय ते बघू. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० टक्क्यांची गंमत आहे. गाय कडबा खाते तेव्हा तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात अब्जावधी जिवाणू त्या कडब्यावर तुटून पडतात. साखर, स्टार्च आणि बराचसा सेल्युलोज तिथेच संपतो, त्यावरच तर गाय जगते. मागे उरतं ते तिला न जमलेलं: लिग्निनच्या जाळ्यात अडकलेला सेल्युलोज, स्वतः लिग्निन, मेलेले आणि जिवंत जिवाणू, आतड्यातला चिकट स्राव आणि थोडी खनिजं. आपल्या भाषेत सांगायचं तर गाईने सोपे बग आधीच फिक्स केलेत आणि किचकट तेवढे पुढच्या रिलीजवर ढकललेत. ती पुढची रिलीज म्हणजे कंपोस्टिंग.

आणि नत्र? जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा, साधारण निम्मा आणि कधी त्याहून जास्त, शेणात नसतोच. तो मूत्रात असतो, आणि तोही मुख्यतः युरियाच्या रूपात. होय, तोच युरिया. गोणीतला रेणू आणि गोठ्यातला रेणू यांत तिळमात्र फरक नाही. 'सेंद्रिय विरुद्ध रासायनिक' अशी कुस्ती लावणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे पचवावं. शेणाचा ढीग हाच मुळी रसायनांचा कारखाना आहे. फक्त त्यात कामगार जिवाणू आणि बुरशा आहेत, आणि शिफ्ट चोवीस तासांची आहे.

आता या कारखान्यात क्रमाने काय घडतं ते पाहू. ढीग घातल्यावर पहिल्या काही दिवसांत जिवाणू सोप्या पदार्थांवर ताव मारतात: उरलीसुरली साखर, अमिनो आम्लं, प्रथिनं, छोटी सेंद्रिय आम्लं. शेणाला जो आंबूस, उग्र दर्प येतो तो बराचसा या छोट्या आम्लांचा, म्हणजे ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक वगैरे मंडळींचा. हे सगळं प्राणवायूच्या साहाय्याने जाळलं जातं. 'जाळलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपण पोळी खाऊन अंग गरम ठेवतो तोच प्रकार इथे चालतो. उष्णता बाहेर पडते, ढिगाच्या पोटातून ती लवकर निसटत नाही आणि दोन-तीन दिवसांत तापमान ५५-६५ अंशांवर जातं. थंडीत पहाटे ढिगातून निघणारी वाफ तुम्ही पाहिली असेल, ती हीच.

या तापात दुसरी फळी कामाला लागते, उष्णता आवडणारे जिवाणू आणि ॲक्टिनोमायसीट. ते हेमिसेल्युलोज फोडतात, मग सेल्युलोज. लिग्निनला हात घालणारे थोडे, आणि ते सावकाश. बुरशांना साठ अंशांत जमत नाही, त्या ढीग निवायला लागला की परततात. म्हणून गरम टप्पा संपला म्हणजे खत झालं, असं नसतं. त्यानंतरचा 'मुरण्याचा' टप्पा आठवड्यांचा, कधी महिन्यांचा असतो. लोणच्याला घाई चालत नाही, तशीच इथेही चालत नाही. शेवटी दर्प जाऊन पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो. तो वास जिओस्मिन नावाच्या संयुगाचा, आणि ते बनवणारे तेच ॲक्टिनोमायसीट.

या गरम टप्प्याचा आणखी एक फायदा. ढिगाचं तापमान ५५ अंशांवर पुरेसे दिवस राहिलं की ई-कोलाय, साल्मोनेला, जंतांची अंडी आणि बहुतेक तणांचं बी मरतं. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्या लांब ढिगासाठी निकष आहे: किमान १५ दिवस ५५ अंशांवर तापमान आणि त्या काळात ५ वेळा ढीग उलथणं. कच्चं शेण वापरायचं असेल, आणि पिकाचा खायचा भाग मातीला टेकत असेल, तर काढणीच्या आधी १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. आता आपली पालक, कोथिंबीर, मुळा किती दिवसांत काढणीला येतात ते आठवा, आणि मग कच्च्या शेणावर वाढलेली 'शुद्ध सेंद्रिय' कोथिंबीर न शिजवता भेळेवर भुरभुरा!

एवढं झालं कर्बाचं. खरी चोरी होते ती नत्राची.

प्रथिनं आणि युरिया फुटले की अमोनियम तयार होतं. अमोनियम म्हणजे पाण्यात विरघळलेलं, जागेवर राहणारं नत्र. पण ढिगाचा सामू आठ-नऊच्या दिशेने चढतो, तापमान साठाकडे जातं, आणि या दोन्ही गोष्टी अमोनियमला एकाच बाजूला ढकलतात: अमोनिया वायू. तो जागेवर राहत नाही, उडून जातो. ढिगापाशी गेल्यावर डोळे चुरचुरतात ना, ते पिकाचं जेवण आहे, जे तुमच्या नाकात चाललंय. ढीग निवल्यावर, चाळीस अंशांच्या खाली, दुसरे जिवाणू उरलेल्या अमोनियमचं नायट्रेट करतात. म्हणून पक्क्या खतात अमोनियम कमी आणि नायट्रेट जास्त, कच्च्यात उलटं. हे गुणोत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येतं. विक्रेत्याकडे कधी मागून बघा!

मग अमोनिया धरून कसा ठेवायचा? जिवाणूंना भरपूर कर्ब देऊन. जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं. समोर खाण्याजोगा कर्ब असेल तर ते अमोनियम गिळून आपल्या अंगात साठवतात. म्हणून सुरुवातीचं कर्ब:नत्र गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास ठेवायला सांगतात. नुसत्या शेणात ते बऱ्याचदा वीसच्या आगेमागे असतं, कोंबडीखतात दहाच्या आसपास किंवा खाली. तेव्हा काडीकचरा, उसाचं पाचट, गव्हाचं काड, सुका पाला मिसळणं ही हौस नाही. ती नत्राची तिजोरी आहे. आणि आपण काय करतो? पाचट पेटवून देतो, शेण तसंच उघड्यावर ढिगाला लावतो. तिजोरी जाळायची आणि दागिने अंगणात पसरायचे!

आता यातली सगळ्यात फसवी गोष्ट सांगतो. आपल्यासारख्या आकडे बघून जगणाऱ्यांनी तर ती नीट समजून घ्यायलाच हवी.

सोयीचे आकडे घेऊ. १०० किलो सुकं वजन असलेलं शेण आणि काडी. त्यात २० किलो राख, म्हणजे खनिजं, आणि ८० किलो सेंद्रिय पदार्थ. सेंद्रिय पदार्थात ४५ किलो कर्ब. नत्र २ किलो, म्हणजे २ टक्के. कर्ब:नत्र साडेबावीस. आता ढीग कुजला. ८० किलो सेंद्रिय पदार्थातले ३५ उरले, बाकीचे कार्बन डायऑक्साईड आणि पाणी होऊन गेले. राख कुठे जात नाही, ती २० किलोच. एकूण वजन ५५ किलो, त्यात कर्ब २० किलो. धरून चला की वाईट व्यवस्थापनामुळे ३० टक्के नत्र उडालं. उरलं १.४ किलो.

प्रयोगशाळा काय सांगेल? १.४ भागिले ५५, म्हणजे नत्र अडीच टक्के! आधी २ टक्के होतं, आता अडीच झालं. कर्ब:नत्र साडेबावीसवरून चौदावर आलं. रिपोर्टवर दोन्ही आकडे झकास. पोत्यावर छापायला एक नंबर. आणि प्रत्यक्षात ६०० ग्रॅम नत्र हवेत गेलं, म्हणजे जवळपास १.३ किलो युरियाइतकं. टक्केवारी वाढली कारण कर्ब नत्रापेक्षा जोरात जळला, एवढंच. भाजक आक्रसला आणि आपण टाळ्या वाजवल्या. असा रिपोर्ट ऑफिसात कुणी मॅनेजरला दाखवला असता तर मीटिंगमध्येच उलटतपासणी झाली असती. शेतीत मात्र याच आकड्यावर सर्टिफिकेट मिळतं.

यावर उपाय आहे, आणि साधा आहे. राखेला साक्षीदार करा. राख उडत नाही, त्यामुळे ढिगाच्या आधीची आणि नंतरची राखेची टक्केवारी मोजली की किती सेंद्रिय पदार्थ गेला आणि खरंच किती नत्र गेलं याचा हिशेब निघतो. वरच्या उदाहरणात राख २० टक्क्यांवरून सुमारे ३६ टक्क्यांवर गेली, यावरून ५६ टक्के सेंद्रिय पदार्थ संपला हे कळतं. फक्त ढिगात बाहेरची माती मिसळलेली नसावी, नाहीतर साक्षीदारच फितूर. संशोधक हा हिशेब वर्षानुवर्षं करतात. खताच्या पोत्यावर मात्र तो मी आजवर पाहिलेला नाही.

आता आपल्या लाडक्या उकिरड्याकडे येऊ. गोठ्यामागे उघडा ढीग. रोज वरून शेणाची पाटी ओतायची, बस्स. मूत्र गोठ्यातून वाहून नालीत गेलेलं, म्हणजे निम्मं नत्र ढिगापर्यंत पोचलेलंच नाही. वरचा थर उन्हात वाळून कडक, त्यातून अमोनिया उडालेला. आतला भाग ओला, दाबलेला, प्राणवायू नाही, त्यामुळे तिथे मिथेन तयार होतो, आणि जिथे हवेची सीमा असते तिथे नायट्रस ऑक्साईड. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट तापदायक. मग पावसाळा. ढिगातून चहाच्या रंगाचं पाणी वाहतं. त्यात पालाश आणि नायट्रेट विरघळून जातं, जवळ विहीर असेल तर विहिरीत. जे उरतं ते मे महिन्यात शेतात लहान लहान ढिगाऱ्यांत पडतं आणि पेरणीपर्यंत उन्हात भाजत राहतं. एका वस्तूची इतक्या शिस्तीने नासाडी करायला खरंच संघटनकौशल्य लागतं!

आणि अर्धं कच्चं राहिलेलं शेण नुसतं निरुपयोगी असतं असंही नाही, ते नुकसान करतं. शिल्लक राहिलेला खाण्याजोगा कर्ब मातीत गेला की मातीतले जिवाणू तो संपवायला मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो, शेणखत घातलं तरी पीक पिवळंच, मग वरून युरिया टाकतो. म्हणजे आधी नत्र उडवायचं, मग मातीतलं बांधून टाकायचं, मग दुकानातून विकत आणायचं. त्यातली आम्लं आणि अमोनिया कोवळ्या मुळांना मारक. शिवाय हुमणीच्या अळ्या कच्च्या शेणखतातून शेतात येतात. कोकणात नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो. 'चांगलं कुजलेलं शेणखत घाला' असं प्रत्येक कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत लिहिलेलं असतं. 'चांगलं कुजलेलं' म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं आजच कळलंय असंही नाही. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला वनस्पती उद्योग संस्था उभी केली, होळकरांच्या राज्यात. तिथे जे काम झालं ते हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी मिळून १९३१ साली शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरच्या पुस्तकात मांडलं. आज 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर ठाऊक आहे. (हॉवर्ड यांचं नाव सगळे घेतात, वाड यांचं फारसं कुणी घेत नाही. असो.) त्या पद्धतीचा गाभा बघा: जनावरांखाली काडीकचऱ्याचं अंथरूण घालायचं म्हणजे मूत्र त्यात मुरतं, मूत्र जिरलेली गोठ्यातली मातीही वापरायची, आम्ल मारायला थोडी राख, थर लावून ढीग, आणि तीन महिन्यांत तीनदा उलथवायचा. म्हणजे मूत्र, कर्ब आणि हवा हे तीन प्रश्न तिथे जवळपास १०० वर्षांपूर्वी सुटलेले होते.

आणि आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे! त्यांच्या नावावरूनच 'नाडेप' हे नाव आलं. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांमध्ये भोकं ठेवलेली टाकी. त्यात काडीकचरा चौदा-पंधराशे किलो आणि शेण फक्त १०० किलोच्या आसपास, शिवाय माती आणि पाणी. भोकांमधून हवा खेळते म्हणून उलथायची कटकट नाही. तीन-चार महिन्यांत खत तयार. या आकड्यांतला अर्थ लक्षात घ्या. शेण इथे मुख्य पदार्थ नाही, ते विरजण आहे. कमी शेणात जास्त खत करण्याची रीत आपल्याच मातीतल्या माणसाने दिली आणि आपण मात्र अजून 'गाय वाढवा, खत वाढेल' याच पाढ्यावर आहोत.

आता काळ्या रंगाबद्दल. 'बघा साहेब, किती काळंभोर, ह्यूमस आहे ह्यूमस!' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. रंगावरून खत ओळखणं म्हणजे रेझ्युमेच्या फॉन्टवरून माणूस नेमणं. हवेविना सडलेला चिखलही काळाच असतो. आणि ह्यूमसबद्दल तर शास्त्रज्ञांचंच मत बदलतंय. कुजताना एक नवाच, प्रचंड मोठा, टिकाऊ काळा रेणू तयार होतो, असं पुस्तकांत शिकवलं जायचं. तो 'काढायची' रीत म्हणजे माती किंवा खत कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीत भिजवणं. २०१५ साली लेहमन आणि क्लेबर यांनी 'नेचर'मध्ये स्पष्ट मांडलं की असा वेगळा रेणूसमूह मातीत सापडत नाही. अल्कलीने जे निघतं ते बरंचसं त्या काढण्याच्या रीतीचं अपत्य आहे. प्रत्यक्षात असतात ते अर्धवट फुटलेले, लहान-मोठे, सतत बदलणारे तुकडे आणि मेलेल्या जिवाणूंचे अवशेष. कंपोस्टच्या अभ्यासात 'ह्युमिक' निर्देशांक अजूनही वापरतात. ढीग कुठवर आलाय ते बघायला त्यांचा उपयोग आहेच. पण कृषी सेवा केंद्रातल्या 'ह्युमिक ॲसिड'च्या बाटलीला शेणाचा अर्क समजू नका. ती बहुतेक वेळा लिग्नाईटसारख्या कोळशापासून अल्कली वापरून काढलेली असते. कोळशाला कोळसा म्हणून विका, माझी हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "बाबा रे, आमचे आजोबा उकिरडाच करत होते आणि पिकं येत होती." येत होती. पण आज तुम्ही एकरी जेवढं पीक मागता तेवढं ते मागत होते का? पीक जेवढं काढलं तेवढं नत्र शेताबाहेर गेलं, हा हिशेब आजोबांनाही चुकला नव्हता आणि तुम्हालाही चुकणार नाही.

दुसरे म्हणतील, "कंपोस्टची गरजच काय, जीवामृत आहे ना!" २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती, हे एका एकराला. हिशेब करू. शेणातलं नत्र ४० ग्रॅमच्या आसपास, मूत्रातलं फार तर १०० ग्रॅम, बेसनातलं ७० ग्रॅम. सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. एका एकरातलं चांगलं गव्हाचं पीक जमिनीतून काही दशक किलो नत्र उचलतं. जीवामृताचे पुरस्कर्ते स्वतःच सांगतात की हे खत नाही, विरजण आहे. ठीक. पण विरजणाला दूध लागतं हो! मातीत सेंद्रिय पदार्थच नसेल तर विरजण कशाला लावणार?

तिसरे आमच्यातलेच, सोसायटीवाले: "आमच्याकडे २४ तासांत खत करणारं मशीन आहे." गरम करून, दळून, वाळवून २४ तासांत जे निघतं तो वाळलेला कचरा आहे. त्याला पाणी दाखवा, दोन दिवसांत तो पुन्हा आपले खरे रंग (आणि वास) दाखवेल. लिग्निनला तुमचं डेडलाईन कळत नाही.

मग कुणाला जबाबदार धरायचं? शेतकऱ्याला? नाही. हाच माझा मुख्य मुद्दा आहे. ढीग घालणं, ओलावा बघणं, उलथणं ही घाम काढणारी मेहनत आहे, आणि गोठ्यातली शेणघाण बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला असते. या मेहनतीला बाजारात दाम नाही. शेणखत विकलं जातं ट्रॉलीवर. ट्रॉलीत पक्कं खत असो की ओलं शेण, भाव तोच. उलट पक्कं खत आकाराने आणि वजनाने जवळजवळ निम्मं होतं, म्हणजे जो नीट कुजवतो त्याच्या हातात पैसे कमी पडतात! सरकारही किलोच मोजतं. छत्तीसगडने २०२० साली गोधन न्याय योजनेत २ रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली. पशुपालकाच्या हातात पैसे आले ही चांगलीच गोष्ट. पण एका किलोत ८०० ग्रॅम पाणी. पाण्याला भाव आणि कुजवण्याच्या कौशल्याला शून्य, असं असेल तर लोक पाणीच विकणार. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात गाई-बैल आणि म्हशी मिळून ३० कोटींच्या वर आहेत. दिवसाला जनावरामागे १० किलो शेण धरलं तरी रोजचं ३० लाख टन होतं. एवढ्या मालाचा धंदा आपण गुणवत्तेविना, नुसत्या आकारमानावर चालवतोय.

परवा एका ऑनलाईन विक्रेत्याकडून '१०० टक्के कुजलेलं' असं छापलेलं शेणखत मागवलं होतं. पोतं उघडताच डोळ्यांत पाणी आलं, आणि ओलं करून ठेवलं तर दोन दिवसांत हाताला गरम लागायला लागलं. म्हणजे ढीग संपलेला नव्हता, पोत्यात भरला होता. तक्रारीला उत्तर काय? "सर, नॅचरल प्रॉडक्ट आहे." नॅचरल म्हटलं की प्रश्न संपले!

तर आपण, म्हणजे पैसे देणाऱ्यांनी, प्रश्न विचारायला लागायचं. सरकारी खत नियंत्रण आदेशात कंपोस्टसाठी कर्ब:नत्र २० च्या आत असावं अशी अट आहेच. पण ताज्या शेणाचंही ते वीसच्या आसपास असू शकतं, त्यामुळे तेवढ्यावर समाधान मानू नका. ढीग किती दिवस ५५ अंशांवर होता, किती वेळा उलथला, अमोनियम किती आणि नायट्रेट किती, हे विचारा. उत्तर देणाऱ्याला ट्रॉलीमागे जास्त पैसे द्या, हात न आखडता. तो तुम्हाला शेण नव्हे, तीन महिन्यांची मेहनत विकतोय.

आणि कुणी उत्तर दिलं नाही तर घरी चाचणी करा. एक भाग खत, दहा भाग पाणी, ढवळून गाळून घ्या. दोन बशांत टिश्यू पेपर, एकीत साधं पाणी, दुसरीत हे पाणी, प्रत्येकीत २० बिया. कुठल्या बिया? जगभरच्या प्रयोगशाळा यासाठी ज्या बिया वापरतात त्या म्हणजे आपला हळीव! होय, बाळंतिणीच्या लाडवातला. दोन-तीन दिवसांनी किती उगवल्या आणि मुळं किती लांब झाली ते मोजा. साध्या पाण्यात १८ उगवल्या आणि मुळं सरासरी २० मिलिमीटर, खताच्या पाण्यात १५ आणि १२ मिलिमीटर, तर १५/१८ गुणिले १२/२०, म्हणजे ५० टक्के. ८० टक्क्यांच्या वर असेल तर खत पक्कं समजा. ५० असेल तर पोतं परत पाठवा, आणि सोबत दोन्ही बशांचा फोटो जोडा.

लाडवाचा हळीव घरात असतोच. उद्या रविवार आहे. बघा करून.